उन्हाच्या जिल्ह्यातली मुले : ड जीवनसत्त्व आणि किशोरवयीन चयापचयाच्या अभ्यासाची प्रस्तावना

मुडदुसाच्या जागतिक इतिहासात नाशिकचे नाव शंभर वर्षांपूर्वीच लिहिले गेले आहे. १९२२ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एच. एस. हचिसन आणि एस. जे. शाह यांचा मुडदुसाच्या कारणांवरचा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. निरीक्षणे नाशिकची होती आणि त्या काळच्या समजुतीला ती छेद देणारी होती. गरीब हिंदू घरांतल्या मुलांचा आहार निकृष्ट. तरी ती दिवसभर उघड्यावर वाढत आणि त्यांच्यात मुडदूस विरळा होता. खाऊनपिऊन सुखी, पण पडदा पाळणाऱ्या घरांत, मग ती मुसलमानांची असोत वा वरच्या जातींतल्या हिंदूंची, हाडे मऊ पडत होती. निबंधाच्या शीर्षकातच मुडदुसाचे दोन प्रकार सांगितले होते: लवकरचा आणि उशिराचा. उशिराचा म्हणजे वयात येतानाचा. मुलगी मोठी होऊ लागली की तिचे अंगण सुटे, आणि नेमके तेव्हाच हाडांना सर्वाधिक गरज असे.

त्याच सुमारास युरोपात या कोड्याची बाकीची टोके सापडत होती. १९१९ मध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांमध्ये आहारातून मुडदूस घडवून आणला आणि कॉडलिव्हर तेलाने तो टाळता येतो हे दाखवले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून बरे केले. एकाचे उत्तर आहार, दुसऱ्याचे प्रकाश. आणि दोघेही बरोबर होते. २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे किरण त्वचेवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलच्या पूर्वरूपापासून ड जीवनसत्त्व बनते. यकृतात त्याचे एक रूपांतर होते, मूत्रपिंडात दुसरे. मूत्रपिंडातून बाहेर पडते ते खरे तर एक हार्मोन असते. म्हणूनच हाडांच्या डॉक्टरांचा हा विषय हळूहळू मधुमेहाच्या डॉक्टरांकडेही पोहोचला.

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. पावसाळ्याचे ढगाळ महिने सोडले तर इथे उन्हाला तोटा नाही. तरीही दुपारी कॉलेज रोडला उभे राहून पाहा. क्लासहून क्लासला जाणाऱ्या मुली स्कूटीवर असतात: डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ, कोपराच्या वर जाणारे हातमोजे, अंगावर सनकोट. मुलगे सकाळी शाळेत किंवा कॉलेजात, दुपारी क्लासमध्ये, संध्याकाळी अभ्यासिकेत. खिडकीतून ऊन येते खरे, पण काच ड बनवणारे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. आपल्याकडे कोवळ्या उन्हाचे कौतुक फार. सूर्य खाली असताना हेच किरण वातावरणात शोषले जातात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचे ऊन कामाचे. सावळ्या त्वचेला ते जास्त वेळ लागते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के बालकांत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली, ५ ते ९ वयोगटात १८ टक्के आणि १० ते १९ वयोगटात २४ टक्के. वयाबरोबर चढत जाणारा हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मूल जसजसे मोठे होते तसतसे ते आत जाते, असेच तो सांगतो.

याच सर्वेक्षणात किशोरवयीनांपैकी सुमारे १० टक्के मुलांची रक्तशर्करा मधुमेहपूर्व पातळीवर होती, आणि १६ टक्क्यांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले होते. वयात येताना इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद काही काळ मंदावतो. ते निसर्गाचे ठरलेले आहे आणि वाढ पुरी होताना तो बहुतेकांत पूर्ववत होतो. काहींचा होत नाही. त्याची खूण कधीकधी घरातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर असते: मानेच्या मागे, काखेत मखमली काळसर पट्टा दिसू लागतो. आई तो मळ समजून साबणाने घासते, डाळीचे पीठ लावते. तो मळ नसतो. रक्तात इन्सुलिन वाढल्याची ती खूण असू शकते. आणि असे मूल लठ्ठच असेल असेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की आपली नवजात बाळे वजनाने लहान असली तरी चरबी राखून जन्माला येतात. म्हणून आपल्याकडे वजनकाटा पुरत नाही, कंबरही मोजावी लागते. पुण्याच्याच डॉ. अनुराधा व डॉ. वामन खाडिलकर यांच्या गटाने भारतीय मुलांसाठी कंबरेच्या घेराचे तक्ते तयार करून ठेवले आहेत. ते वापरावेत.

आता या क्षेत्रातला मुख्य प्रश्न. ज्या मुलांची कंबर मोठी, ज्यांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले, त्यांच्यात ड जीवनसत्त्व कमी, असे जगभरातल्या अनेक अभ्यासांत दिसते. स्वादुपिंडाच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींमध्ये ड जीवनसत्त्वाचे ग्राही (रिसेप्टर) असतात, आणि ड न मिळालेल्या उंदरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवते हे १९८० पासून ठाऊक आहे. इथवर आल्यावर ‘ड द्या, मधुमेह टाळा’ असे म्हणण्याचा मोह होतो, आणि नव्या अभ्यासकाने नेमके इथेच थांबावे. ड चरबीत विरघळते. तेवढेच मीठ मोठ्या पातेल्यात पडावे तसे मोठ्या शरीरात ते पातळ होते. २०१३ मध्ये करणी विमलेश्वरन आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या आधारे कार्यकारणाची दिशाच तपासली. लठ्ठपणामुळे ड कमी होते, असे त्यांना आढळले. ड कमी असल्यामुळे लठ्ठपणा येतो, याला आधार मिळाला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत मधुमेहपूर्व अवस्थेतल्या २,४२३ प्रौढांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. रोज ४,००० युनिट ड घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत मधुमेहाच्या प्रमाणात ठोस फरक निघाला नाही. किशोरवयीनांवरच्या चाचण्या लहान आहेत, त्यांचे निकाल एका दिशेला जात नाहीत. शिवाय जो मुलगा घरात बसतो त्याला ऊनही मिळत नाही आणि व्यायामही. रक्तातले ड त्याच्या साखरेचे कारण आहे, की त्याच्या दिनक्रमाची नुसती नोंद?

माझे मत स्पष्ट आहे. हाडांसाठी ड हवेच, त्यात शंका नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये त्याची रोजची गरज ६०० युनिट ठरवली आहे. चयापचयासाठी मात्र ते औषध म्हणून विकू नये. साठ हजार युनिटचे साशे डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने घेणारी घरे आहेत. त्यातून रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

ज्याला हा विषय शिकायचा आहे त्याच्यासाठी नाशिक जिल्ह्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. एका टोकाला कॉलेज रोडवरची क्लासची मुले. दुसऱ्या टोकाला सुरगाणा, पेठ इथल्या आश्रमशाळांतली मुले: भरपूर चालणारी, उन्हात खेळणारी, आणि घरी नागलीची भाकरी खाणारी. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे, कारण आहारात कॅल्शियम कमी पडले की शरीर ड अधिक वेगाने खर्च करते. मध्ये निफाड-दिंडोरीची बागायती गावे, सातपूर-अंबडच्या कामगार वसाहती, मालेगावचे यंत्रमागांचे मोहल्ले. एकाच आकाशाखाली एवढ्या तऱ्हांचे दिनक्रम! आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून याच शहरात आहे.

या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्या डॉक्टर, आहारतज्ज्ञ, शाळाशिक्षक, परिचारिका अशा सर्वांचे मी मनापासून स्वागत करतो. रक्ताच्या तपासणीला पैसे लागतात. उंची, वजन, कंबर आणि रक्तदाब मोजायला एक टेप, एक काटा आणि एक यंत्र पुरते. मूल किती वाजता बाहेर पडते, अंगाचा किती भाग उघडा असतो, मैदानाचा तास खरोखर होतो की गणिताला दिला जातो, हे विचारायला काहीच लागत नाही. हचिसन आणि शाह यांनी प्रयोगशाळेआधी घरे पाहिली, माणसे कशी जगतात ते पाहिले. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. एकच शाळा घ्या, पण पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही ऋतूंत मोजा, मुलींची माहिती वेगळी ठेवा, आणि तुमच्या अंदाजाच्या विरुद्ध निकाल आला तर तोही प्रसिद्ध करा.