धामणगाव स्टेशनवर उतरलेली कुटुंबं



स्मरणिकेसाठी लेख दे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा सोबत एक तंबीही होती. शाळेतल्या खोड्या आणि डब्यातल्या भाज्या यांवर बाकीचे सगळे लिहिणारच आहेत, तू आयुष्यभर इतिहास शिकवलास, तेव्हा इतिहासाचंच काहीतरी लिही. त्यामुळे खोड्यांचा मोह आवरून एका अशा विषयाकडे वळतो, जो आपण सगळ्यांनी पाहिला पण ज्याबद्दल वर्गात कधी कुणी बोललं नाही.

आपल्या पिढीच्या यवतमाळकराला 'सेमिनरी' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नाताळच्या दिवसांत गिटार घेऊन गाणी म्हणत फिरणारे नागा, मिझो, मल्याळी विद्यार्थी, सायकलवर बाजारात येणाऱ्या गोऱ्या बाया, मोडक्या मराठीत वांग्यांचा भाव करणारा एखादा उंच साहेब, हे आपल्याला गावातल्या टांग्यांइतकंच परिचयाचं होतं. ख्रिस्ती मित्रांच्या घरी नाताळला करंज्या-चकल्या मिळत, म्हणजे आपल्या दृष्टीने ती डिसेंबरातली दिवाळीच. पण ही माणसं इथे आली कशी? मुंबई नाही, पुणं नाही, नागपूरही नाही. कापूस आणि ऊन याखेरीज जगाला ज्याची ओळख नव्हती त्या आपल्या जिल्ह्यात सात समुद्र ओलांडून, बायकापोरं घेऊन येण्याचं कारण काय?

थोडं मागे जावं लागेल. मराठी मुलखात अमेरिकन मिशनरी कुटुंबं पहिल्यांदा आली ती १८१३ साली. गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि नॉट यांची पत्नी रोक्साना. फेब्रुवारी १८१२ मध्ये फिलाडेल्फियाहून निघालेलं त्यांचं जहाज कलकत्त्याला पोचलं ते ऑगस्टात. तिथे कंपनी सरकारने त्यांना परत जायला फर्मावलं. व्यापाराच्या आड धर्म आला तर राज्य अडचणीत येईल, हे कंपनीचं साधं गणित होतं. (आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की गोरा पाद्री आणि गोरा साहेब एकाच गाडीतून उतरले. निदान सुरुवातीला तरी साहेब पाद्र्याला गाडीतून उतरवत होता.) ही मंडळी कलकत्त्याहून निसटून मुंबईला आली आणि बऱ्याच खटपटीनंतर त्यांना राहू दिलं गेलं. नॉट दांपत्य आजारपणामुळे दोन-तीन वर्षांतच परतलं. हॉल राहिले. मराठी शिकले, मुंबईतच लग्न केलं, मुलं झाली. पुढे मुलांना घेऊन पत्नी अमेरिकेला गेली आणि मागे एकटे राहिलेले हॉल नाशिककडच्या फेरीत पटकीने वाटेतच वारले. तारीख २० मार्च १८२६, वय ४१. पत्रं पोचायला तेव्हा महिनेच्या महिने लागत. त्या बाईला आपण विधवा झाल्याचं केव्हा कळलं असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

हे अमेरिकन मराठी मिशन पुढे अहमदनगर, सोलापूर, सातारा असं पसरलं. त्याच मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ साली एकट्या, अविवाहित आल्या आणि नगरला त्यांनी चालवलेली मुलींची शाळा पाहून जोतिराव फुल्यांना पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे आपल्या सरांनी आपल्याला शिकवलं होतं. पण वऱ्हाड या नकाशाबाहेरच राहिलं. वऱ्हाड तेव्हा निजामाचं. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. आपल्या जिल्ह्याला त्या काळी वणी जिल्हा म्हणत, इंग्रजीत 'वून'. मुख्य ठाणं मात्र यवतमाळ, आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं ते १९०५ मध्ये. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ साली पुरी झाली ती आपल्याला बाजूला ठेवून, धामणगाववरून. शकुंतला फार नंतरची. म्हणजे मुंबईच्या बंदरात उतरलेल्या माणसाला यवतमाळ गाठायचं तर धामणगावला उतरून सुमारे ४५ किलोमीटर बैलगाडीने किंवा टांग्याने यावं लागे.

आता आपल्याकडे आलेल्या पंथाची गोष्ट. यवतमाळचं मिशन हे फ्री मेथडिस्ट मिशन. शाळेत असताना 'फ्री' म्हणजे फुकट, असा आपण सरळ अर्थ लावत होतो, आणि गंमत म्हणजे तो अगदीच चुकीचा नव्हता. अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बाकं भाड्याने देण्याची पद्धत पडली होती. पैसेवाल्यांची कुटुंबं पुढच्या बाकांवर, गरीब मागे. त्याविरुद्ध आणि गुलामगिरीच्या प्रश्नावर चर्चने धरलेल्या गुळमुळीत भूमिकेविरुद्ध बी. टी. रॉबर्ट्स या धर्मोपदेशकाने लेखणी उचलली, तेव्हा त्यालाच चर्चबाहेर काढलं गेलं. मग १८६० साली न्यूयॉर्क राज्यातल्या पेकिन या गावी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी नवा पंथ काढला. बाकं सर्वांना मोकळी, माणूस मोकळा, म्हणून 'फ्री'. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. जिथे देवळात कुणी कुठवर जायचं हे जन्मावर ठरत होतं, त्या मुलखात 'बाकं मोकळी' म्हणणारा पंथ यावा, हा योगायोग काही लहान नाही. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत त्यांचं म्हणणं का ऐकलं गेलं, याचं थोडं उत्तर त्या बाकांत आहे.

या पंथाचे हिंदुस्थानातले पहिले मिशनरी म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड आणि त्यांची पत्नी फीबी. नुकतंच लग्न झालेलं, तिशीच्या आतबाहेरचं जोडपं. १८८१ च्या सुरुवातीला ते मुंबईत उतरले. त्यांच्या पंथाचं परदेशी मिशनचं मंडळसुद्धा तेव्हा धड उभं राहिलेलं नव्हतं. महिन्याला ठरलेला पगार नाही, बंगल्याची सोय नाही, मागे मोठी संस्था नाही. देशातल्या लोकांनी पाठवलेल्या वर्गणीवर आणि देवावर हवाला ठेवून ते बुऱ्हाणपूरला गेले. आपल्या वऱ्हाडाच्या उत्तरेला, तापीकाठचं ते जुनं मुघली शहर. तिथून पुढे एलिचपूर, मध्य प्रांत असा त्यांचा वावर राहिला. त्यांनी लिहिलेलं 'इकोज फ्रॉम भरतखंड' हे पुस्तक १९०८ साली निघालं. पुस्तकाच्या नावात 'इंडिया' न घालता 'भरतखंड' घालणाऱ्या माणसांनी इथली भाषा कानाआड केली नव्हती एवढं तरी म्हणता येईल.

यवतमाळ हे या मिशनचं प्रमुख ठाणं झालं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. आणि लगेच दुष्काळ आले. १८९६-९७ चा एक, तो ओसरतो न ओसरतो तोच १८९९-१९०० चा दुसरा, ज्याला आपली म्हातारी माणसं छप्पनचा दुष्काळ म्हणत. कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होतं. विदर्भातल्या सगळ्याच मिशनांची अनाथालयं या वर्षांत भरली. जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांपैकी कित्येकांची वंशावळ दुष्काळात पोरक्या झालेल्या एखाद्या मुलापाशी येऊन थांबते. त्याच्या मागचं नाव कुणाला माहीत नसतं. 'भाकरीसाठी धर्म बदलला' असं म्हणणं सोपं आहे. पाच वर्षांच्या उपाशी पोराने त्या वेळी दुसरं काय करायला हवं होतं, हे मात्र तसं म्हणणारे सांगत नाहीत. उलट बाजूनेही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. भाकरी देणाऱ्याने ती देताना मनात दुसरा हेतू ठेवू नये, ही अपेक्षाही रास्तच होती. मिशनरी कुटुंबं आली ती धर्मप्रसारासाठी. शाळा आणि दवाखाना हा त्यांच्या कामाचा भाग होता, पण मूळ हेतू त्यांनी कधी लपवलेला नव्हता. आपणही तो झाकून त्यांचे गोडवे गाऊ नयेत.

या कुटुंबांच्या घरात काय चाललं असेल, हा माझ्या मते सगळ्यांत कमी लिहिला गेलेला भाग. नवरा घोड्यावर किंवा दमणीतून खेड्यापाड्यांच्या फेरीवर. बायको घरी मोल्सवर्थच्या कोशाशी आणि मे महिन्याच्या उन्हाशी झगडत. मलेरिया आणि पटकी हे नेहमीचे पाहुणे. मुलं आयांच्या मांडीवर वाढत आणि आईबापांआधी मराठी बोलायला लागत. मग सातव्या-आठव्या वर्षी त्यांना बोर्डिंगात पाठवायची वेळ येई. अमेरिकन मिशनरी कुटुंबांसाठी अशा दोन शाळा प्रसिद्ध होत्या. एक मसुरीजवळ लँढोरची वूडस्टॉक, १८५४ पासूनची, आणि दुसरी १९०१ साली सुरू झालेली कोडाईकनालची. विदर्भातल्या एखाद्या गावातून कोडाईला जायचं म्हणजे त्या काळी आगगाडीचे कित्येक दिवस. मूल घरी येई ते वर्षातून एकदा, आणि कॉलेजच्या वयाचं झालं की थेट अमेरिकेला. आईबाप देवासाठी देश सोडतात हे ठीक, पण त्या मुलांना कुणी विचारलं होतं? वॉर्ड दांपत्याचं चरित्र त्यांच्या मुलीने, एथेलने, लिहिलं. ते १९५१ साली अमेरिकेत छापून निघालं. त्याच्या नावात तिने आईवडिलांना 'हिंदुस्थानचे वॉर्ड' म्हटलं आहे, अमेरिकेचे नाही.

इथे मला एक दुसरं कुटुंब आठवतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कुठला समुद्र ओलांडला नाही, जहाजात बसले नाहीत. पण लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि 'स्मृतिचित्रे' वाचलेल्याला ती वर्षं विसरता येत नाहीत. धर्मासाठी फिलाडेल्फियाहून मुंबईला येणं आणि धर्मासाठी स्वतःच्या गावातल्या गावात परकं होणं, यांत जास्त लांबचा प्रवास कुठला, हे ठरवणं मला अवघड वाटतं. यवतमाळच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी केला तो हा दुसरा प्रवास, आणि परतीचं तिकीट त्यांच्याकडे नव्हतं. मिशनच्या इतिहासात साहेबांची नावं छापलेली असतात. गावोगाव हिंडून बायबल वाचून दाखवणाऱ्या मराठी बाया, शाळामास्तर, कंपाउंडर यांची नावं फार थोडी सापडतात.

स्वातंत्र्यलढ्याच्या काळात या परदेशी कुटुंबांची स्थिती चमत्कारिक होती. ब्रिटिश नसलेल्या मिशनऱ्यांना सरकारच्या विरोधात वागणार नाही असं लिहून द्यावं लागे. १० जुलै १९३० रोजी वणीचे लोकनायक बापूजी अणे पुसदला जंगल सत्याग्रह करत होते. त्याच वर्षी मदुराईकडे गांधीजींशी संबंध ठेवल्याबद्दल राल्फ कीथन या अमेरिकन मिशनऱ्याला देश सोडावा लागला. म्हणजे सहानुभूती असली तरी ती दाखवायची किंमत ठरलेली होती. बहुतेकांनी गप्प राहणं पसंत केलं.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न उलटा झाला. आपला जिल्हा १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. त्या सरकारने १९५४ मध्ये नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली. १९५६ च्या अहवालात, ज्यांचं मुख्य काम धर्मांतर आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं, अशी शिफारस होती. ख्रिस्ती समाजाने त्यावर पक्षपाताचा आरोप केला. दोन्ही बाजूंचं वाचलं तर त्यात राग भरपूर आहे. मात्र प्रत्यक्षात परदेशी कुटुंबांची संख्या कमी होत गेली ती मुख्यतः व्हिसाच्या धोरणाने. जे काम करायला भारतीय माणूस मिळतो त्यासाठी परदेशी माणूस नको, असं ते साधारण धोरण होतं. डॉक्टर, नर्स, प्राध्यापक टिकले. म्हणूनच आपण लहानपणी पाहिलेले गोरे लोक बहुतेक उमरीच्या मिशन हॉस्पिटलमधले किंवा सेमिनरीतले होते.

आणि सेमिनरी मोठी झाली ती नेमकी याच काळात. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली. अनेक पंथांनी मिळून चालवलेली, भारतीय धर्मोपदेशक भारतातच तयार करणारी संस्था. पहिले प्राचार्य फ्री मेथडिस्ट मिशनचे फ्रँक क्लाइन. पुढे केरळचे सफीर अथ्याल हे पहिले भारतीय प्राचार्य झाले. म्हणजे अमेरिकेतून कुटुंबं येण्याचा ओघ आटला तोवर कोहिमा, ऐजॉल, तिरुवल्ला इथून तरुण कुटुंबं यवतमाळला येऊ लागली होती. त्यांच्यासाठी मराठी ही तितकीच परकी भाषा आणि आपला उन्हाळा तितकाच असह्य. बाजारात वांग्यांचा भाव करताना त्यांचीही तीच तारांबळ. पण त्यांना कुणी परदेशी म्हटलं नाही.

१९८३ साली सेमिनरी पुण्याला बिबवेवाडीत गेली. सोयीसाठीच गेली असणार. रेल्वे, विमान, इस्पितळं, मुलांच्या शाळा यांत यवतमाळ पुण्याला काय टक्कर देणार? तेव्हा आपल्यापैकी बरेच जण नोकरीनिमित्त गाव सोडून गेलेच होते. आज आपल्या बॅचमधल्या निम्म्याहून अधिक घरांतली मुलं अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात आहेत आणि नातवंडं आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर इंग्रजीत बोलतात. त्यामुळे एथेल वॉर्डच्या पुस्तकाचं नाव मला अलीकडे जरा जास्तच आठवतं.

मित्रहो, एक विनंती. जिल्ह्यातल्या या कुटुंबांचा, आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास अजून कुणी मराठीत नीट लिहिलेला नाही. ज्यांच्या घरी आजोबा-आजींच्या काळातले मिशन शाळेचे दाखले, जुने फोटो, पत्रं किंवा घरातल्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतील, त्यांनी त्या मेळाव्याला येताना सोबत आणाव्यात. मी स्कॅनर घेऊन येणार आहे. मूळ कागद त्याच दिवशी ज्याचा त्याला परत मिळतील.