कर्जतच्या नकाशातली उत्तर दिशा

मागच्या पोस्टवर एक प्रश्न आला होता: कॅडमध्ये दोन नकाशे एकमेकांवर ठेवले की जुना थोडा फिरलेला का दिसतो, आणि नेमका किती फिरलाय हे कसं मोजायचं? यामागे बराच इतिहास आहे. उदाहरण कर्जत-खालापूरचंच घेऊ.

मुंबई इलाख्यातल्या जमीन मोजणीची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1830 च्या दशकात इंदापूरला बसवली आणि 1847 च्या जॉइंट रिपोर्टात तिचे नियम पक्के झाले. साधनं दोनच, शंकू आणि 33 फुटी साखळी. शेतातून एक आधाररेषा आखायची, साखळीनं तिच्यावरची अंतरं घ्यायची आणि शंकूतून काटकोन बघत बांधाच्या प्रत्येक वाकणापर्यंत मोजायचं. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. 40 गुंठ्यांचा एकर.

यात उत्तर दिशा कुठेच लागत नाही. सरकारला सारा ठरवायचा होता, त्यासाठी क्षेत्रफळ हवं होतं, आणि आकृती कितीही फिरवली तरी क्षेत्रफळ बदलत नाही! म्हणजे प्रत्येक शेत हीच एक स्वतंत्र निर्देशक-पद्धती होती. लोक याला ढिसाळपणा म्हणतात. मला तो उलट काटकसरीचा शहाणपणा वाटतो.

नकाशावर उत्तरेचा बाण काढायचा झाला तर होकायंत्र हाताशी होतं, पण चुंबकीय उत्तर स्वतःच सरकत असते. ती किती सरकते याच्या नोंदी कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर हे काम 1904 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, अलिबागला हलवलं. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांनी 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी ठेवल्या. दोन मोजमापांचा सांधा जुळवायचा तर दोघांत काहीतरी सामाईक लागतं, ते त्यांनी आधीच करून ठेवलं.

आता आजची गोष्ट. जीपीएस रोव्हरचे आकडे बहुधा यूटीएम जाळ्यात घेतले जातात. आपला पट्टा 43 वा, त्याचं मध्य रेखावृत्त 75 अंश पूर्व. कर्जत साधारण 73.3 अंशावर, म्हणजे पावणेदोन अंश पश्चिमेला. या फरकाला अक्षांशाच्या (18.9) साइननं गुणलं की सुमारे 0.54 अंश येतो, म्हणजे 33 मिनिटं. कर्जतला जाळ्याची उत्तर खऱ्या उत्तरेच्या एवढी पश्चिमेला कलते. ऐकायला किरकोळ, पण किलोमीटरभर अंतरावर हाच फरक साडेनऊ मीटर होतो. भातखाचराचा बांध सहज ओलांडला जातो.

मग कोन मोजायचा कसा? दोन्ही नकाशांत ओळखू येणारे दोन बिंदू शोधा. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुनी विहीर, असं काहीतरी. त्यांना जोडणाऱ्या रेषेचा कोन दोन्हीकडे काढा आणि वजाबाकी करा, झालं. एका बिंदूवरून फक्त सरकणं कळतं, फिरणं नाही. बिंदू जितके लांब तितकं बरं: 50 मीटरवरचा दगड रेषेपासून मीटरभर बाजूला सरकलेला असेल तर कोन 1.15 अंशानं चुकतो, 500 मीटरवर असेल तर फक्त 7 मिनिटांनी. (हे सपाट नकाशापुरतं. एव्हरेस्टच्या गोलाभावरून जीपीएसच्या गोलाभावर जाताना तीन अक्षांभोवती तीन कोन लागू शकतात, ते पुन्हा कधीतरी.)

ऑटोकॅडची अलाइन कमांड हे सगळं एका झटक्यात करते, आणि शेवटी विचारते: स्केलही बदलू का? तिथे घाईत 'हो' म्हणू नका. समजा दोन बिंदूंमधलं अंतर जुन्या नकाशात 198 मीटर भरतं आणि जमिनीवर 200. 'हो' म्हटलंत की लांबी एक टक्का वाढते, क्षेत्रफळ दोन टक्के. 100 गुंठ्यांचे 102 होतात. कागद आक्रसला असेल तर हे बरोबरच आहे. पण कुणीतरी दगड हलवला असेल तरीही पडद्यावर चित्र तितकंच छान जुळतं. फिरवण्यानं न बदलणारं क्षेत्रफळ इथे गुपचूप बदलतं, आणि सात-बाराशी त्याचा मेळ बसत नाही. म्हणून तिसरा बिंदू हवाच. तो जुळवणीत वापरायचा नाही, नुसता तपासायचा: जुळवल्यावर तो जागेवर येतो का, आणि नाही तर कोणत्या दिशेला किती हटतो.