सारखी नावे आणि चुकलेली गर्दी
🧵

१/ गोंदियाहून गोरेगावमार्गे दक्षिणेकडे निघालेला रस्ता कोहमारा येथे नागपूर–रायपूर राष्ट्रीय महामार्गाला मिळतो. कोहमारा ज्या तालुक्यात आहे त्याचे नाव सडक अर्जुनी आणि शेजारच्या तालुक्याचे नाव अर्जुनी मोरगाव. एकाच जिल्ह्यात दोन 'अर्जुनी' आहेत. एकीच्या नावाला सडक जोडली गेली, दुसरीच्या नावाला मोरगाव.

२/ नावांचा गोंधळ मिटवण्याची ही मराठी मुलखाची जुनी रीत. बुद्रुक आणि खुर्द ही त्याचीच रूपे. एका नावावर दोन गावांचा हक्क असला तर कोणीच नाव सोडत नाही; दोघेही आपल्या नावाला एक ओळख जोडून घेतात. वाट चुकलेला प्रवासी फाट्यावर विचारतो आणि योग्य गावी पोहोचतो.

३/ पत्राला मात्र वाट विचारता येत नाही. गोरेगाव गोंदिया जिल्ह्यात आहे, तसे मुंबईतही आहे. देशभरात अशी असंख्य गावे, त्यात पत्ते निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले. या अडचणीवर टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी उपाय अमलात आणला, तो म्हणजे सहा अंकी पिन कोड. तो तयार करणारे अधिकारी महाराष्ट्राचे होते : श्रीराम भिकाजी वेलणकर, जे संस्कृत कवी म्हणूनही ओळखले जातात.

४/ पिनने नावावरचा भार अंकांवर टाकला. मुंबईच्या गोरेगावचा पिन ४०० ने सुरू होतो, गोंदियाकडच्या गोरेगावचा ४४१ ने. नाव एकच राहिले तरी पत्र चुकण्याचे कारण उरले नाही.

५/ इंटरनेटचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. तेथे संगणकांचे पत्ते मुळात अंकी. माणसाला ते लक्षात ठेवणे अवघड, म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नावांची व्यवस्था आखली. टपालाने नावाकडून अंकाकडे जाऊन जो गोंधळ टाळला, तो अंकाकडून नावाकडे जाताना पुन्हा दारात आला.

६/ या व्यवस्थेचा नियम कठोर आहे. 'डॉट कॉम'मध्ये एक नाव एकालाच मिळते, आणि यंत्र केवळ अक्षरे जुळवते. उच्चाराशी त्याला कर्तव्य नाही. माणूस मात्र नाव आधी कानाने ऐकतो आणि मग टंकतो. कान आणि अक्षर यांच्यातील ही फट एका छोट्या कंपनीला फार महागात पडली.

७/ अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या पेरिसबर्ग येथील 'युनिव्हर्सल ट्यूब अँड रोलफॉर्म इक्विपमेंट' ही कंपनी नळ्या आणि पाइप बनवण्याची जुनी यंत्रे विकत असे. तिने १९९६ मध्ये आपल्या संकेतस्थळासाठी 'यूट्यूब डॉट कॉम' हे नाव घेतले. त्यात 'यू' हे एकच रोमन अक्षर होते.

८/ त्यानंतर नऊ वर्षांनी, फेब्रुवारी २००५ मध्ये, चित्रफितींच्या 'यूट्यूब'चे नाव नोंदवले गेले. येथे 'यू' साठी तीन रोमन अक्षरे. देवनागरीत लिहिले तर दोन्ही नावांत काडीचाही फरक दिसत नाही, कारण देवनागरी उच्चार लिहिते. रोमन लिपीत दोन पत्ते वेगळे होते. जगाच्या कानाला ते एकच होते.

९/ २००६ मध्ये चित्रफिती पाहू इच्छिणारे लोक यंत्रविक्रेत्याच्या दारात येऊ लागले. पूर्वी महिन्याला काही हजार भेटी होत. कंपनीने न्यायालयात सांगितल्याप्रमाणे आता दिवसाला सुमारे ७०,००० लोक येऊ लागले. संकेतस्थळ वारंवार कोलमडले, खर्च वाढला, आणि खऱ्या गिऱ्हाईकालाच प्रवेश मिळेना. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला गूगलने १.६५ अब्ज डॉलरना यूट्यूब विकत घेत असल्याचे जाहीर केले. महिना संपता संपता युनिव्हर्सल ट्यूबने दावा दाखल केला.

१०/ कायद्याला सारख्या नावांचा खटला नवा नव्हता. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात 'रेडिफ' विरुद्ध 'सायबरबूथ' हे प्रकरण आले होते. प्रतिवादीने एका अक्षराच्या फरकाने जवळजवळ तेच नाव घेतले होते. न्यायालयाने त्याला मनाई केली आणि डोमेन नाव हा निव्वळ पत्ता नसून व्यापारचिन्हासारख्याच संरक्षणास पात्र आहे, असे मानले.

११/ तेथे दोषी शोधणे सोपे होते, कारण दुसऱ्याच्या लौकिकावर स्वार होण्याचा हेतू उघड होता. ओहायोत तसा लबाड कोणी नव्हता. जुने नाव छोट्याचे, लौकिक नव्या मोठ्याचा, आणि नुकसान करणारे हजारो अनोळखी लोक, ज्यांनी फक्त ऐकलेले नाव टंकले होते.

१२/ जून २००७ च्या निकालात ही अडचण स्पष्ट दिसते. मालमत्तेतील घुसखोरी आणि उपद्रव हे कंपनीचे मुद्दे न्यायालयाने फेटाळले. ज्या सर्व्हरवर भार आला तो कंपनीच्या मालकीचा नव्हता, आणि त्यावर जाणारे लोक यूट्यूबचे नव्हते, आपापले आले होते. अनुचित स्पर्धेचा मुद्दा तेवढा पुढे चालू राहिला.

१३/ दरम्यान धंदा तर चालवायचा होता. युनिव्हर्सल ट्यूबने आपले संकेतस्थळ नव्या पत्त्यावर नेले. जुन्या नावापुढे 'ऑनलाइन' हा शब्द जोडला. अर्जुनीपुढे जसा 'सडक', तसाच.

१४/ पण दोहोंत एक फरक आहे. गोंदिया जिल्ह्यात दोन्ही अर्जुनींनी नावाला ओळख जोडली. कोणा एकीला हक्क सोडावा लागला नाही. ओहायोत नाव बदलावे लागले ते नऊ वर्षे आधी आलेल्याला, कारण गर्दी दुसऱ्याची होती. 'प्रथम येणाऱ्यास प्रथम' या नियमाने नाव मिळते. ते नाव सुखाने वापरता येईल याची हमी मात्र तो नियम देत नाही.