समुद्रतळाच्या माशांची खानेसुमारी

उभ्या पिकाची आणेवारी शेतात जाऊन काढता येते, जंगलातील वाघांची गणना पाऊलखुणांवरून आणि छायाचित्रांवरून करता येते. परंतु दोनशे-तीनशे मीटर खोल, अंधाऱ्या समुद्रतळाशी वावरणारे मासे किती आहेत, हे ठरवायचे कसे? कॉड, हॅडॉक, हॅलिबट, फ्लाउंडर अशा तळाशी राहणाऱ्या माशांवर उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरील मासेमारी शतकानुशतके उभी आहे. आज त्यांतील किती मासे वर्षभरात पकडू द्यायचे, हे सरकारे ठरवतात आणि त्यासाठी पाण्यात किती मासे आहेत, याचा अंदाज शास्त्रज्ञ देतात. या कामाला मत्स्यसाठ्याचे मूल्यमापन असे म्हणतात. ते चुकले तर काय होते, याचे सर्वात परिचित उदाहरण कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंड येथे घडले.

२ जुलै १९९२ रोजी कॅनडाचे तत्कालीन मत्स्योद्योगमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी ‘नॉर्दर्न कॉड’च्या मासेमारीवर बंदी घोषित केली. सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार त्यामुळे बुडाला. बंदी दोन वर्षांसाठी होती. प्रत्यक्षात ती ३२ वर्षे टिकली. विशेष म्हणजे हा साठा दुर्लक्षित नव्हता. त्याचे दरवर्षी मूल्यमापन होत होते.

पुराव्याचे तीन स्रोत

मूल्यमापनाचे एकक ‘साठा’ हे असते. एकाच जातीचे, ठराविक प्रदेशात राहणारे आणि बव्हंशी आपसांतच प्रजनन करणारे मासे म्हणजे एक साठा. नॉर्दर्न कॉडचा साठा लॅब्राडोरच्या दक्षिण भागापासून ग्रँड बँक या उथळ सागरी पठाराच्या उत्तर भागापर्यंत पसरलेला आहे.

पहिला पुरावा म्हणजे बंदरात उतरवलेल्या मासळीची नोंद. ती मिळवणे सोपे असले तरी अपुरी असते. लहान किंवा नको असलेले मासे समुद्रातच फेकून दिले जातात आणि ते कुठेही नोंदवले जात नाहीत.

दुसरा पुरावा माशाच्या वयाचा. माशाच्या कानात ऑटोलिथ नावाचा चुनखडीचा लहानसा खडा असतो. झाडाच्या खोडाप्रमाणे त्यावर दरवर्षी एक वलय उमटते. वलये मोजली की वय कळते. पकडलेल्या माशांपैकी नमुन्यादाखल काहींचे वय काढून एकूण मासळीत कोणत्या वयाचे किती मासे होते, याचा तक्ता तयार करतात.

तिसरा पुरावा संशोधन जहाजांच्या पाहणीचा. समुद्रतळाचे खोलीनुसार विभाग पाडले जातात आणि प्रत्येक विभागात कोठे जाळे टाकायचे, ती ठिकाणे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने निवडली जातात. तेथे मासे आहेत की नाहीत, याचा विचार केला जात नाही. जाळे, वेग आणि जाळे ओढण्याचा कालावधी दरवर्षी सारखाच ठेवावा लागतो. न्यूफाउंडलंडच्या पाहणीत १९९५ मध्ये जाळ्याचा प्रकार बदलला, तेव्हा जुन्या आणि नव्या जाळ्यांची तुलना करून आधीचे आकडे नव्या मापात बसवावे लागले. जाळ्याच्या वाटेतील सगळेच मासे त्यात सापडत नाहीत; काही वरून, काही खालून निसटतात. म्हणून पाहणीतून एकूण संख्या नव्हे, तर गेल्या वर्षीपेक्षा मासे वाढले की घटले याचा निर्देशांक मिळतो.

उलट्या दिशेचा हिशेब

या पुराव्यांची सांगड घालण्यासाठी त्या काळात प्रामुख्याने जी पद्धत वापरली जाई, ती भूतकाळाकडे जाणारी होती. एका वर्षी जन्मलेल्या कॉडची पिढी घ्या. ती संपेपर्यंत तिच्यातील किती मासे कोणत्या वयाला पकडले गेले, हे नोंदींवरून कळते. त्यात नैसर्गिक कारणांनी मेलेल्यांची भर घातली, की ती पिढी सुरुवातीला किती मोठी असली पाहिजे, हे निघते. नैसर्गिक मृत्यू दिसत नाहीत. म्हणून दरवर्षी साधारण १८ टक्के मासे आपोआप मरतात, असे कॉडच्या बाबतीत गृहीत धरण्याचा प्रघात होता.

संपलेल्या पिढ्यांसाठी हा हिशेब चांगला जुळतो. परंतु सरकारला हवा असतो तो आजचा आकडा, आणि आज पाण्यात असलेल्या पिढ्यांची कहाणी अपुरी असते. त्यांतील किती पकडले गेले हे माहीत असते. किती उरले, हे नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी बाहेरचे मोजमाप लागते. ते दोन प्रकारचे असते. एक, संशोधन जहाजाचा निर्देशांक आणि दुसरे, व्यापारी ट्रॉलरना तासाला किती मासळी मिळते, तो दर. न्यूफाउंडलंडची चूक येथेच शिरली.

वाढता दर, घटता साठा

या किनाऱ्यावर १९५० च्या दशकापासून युरोपीय देशांचे महाकाय ट्रॉलर येऊ लागले. १९६८ मध्ये नॉर्दर्न कॉडची पकड आठ लाख टनांवर गेली आणि नंतर कोसळली. १९७७ मध्ये कॅनडाने आपली हद्द २०० सागरी मैलांपर्यंत वाढवून परदेशी जहाजांना आवर घातला. साठा सावरेल या विश्वासाने देशी ट्रॉलरचा ताफा वाढवण्यात आला. पकडण्याजोग्या माशांपैकी वर्षाला साधारण एक-पंचमांश मासे पकडावेत, असे धोरण ठरले. धोरण सावध होते. पण एक-पंचमांश कशाचा, हे मूल्यमापनावर अवलंबून होते.

१९८० च्या दशकात ट्रॉलरच्या पकडीचा दर चढत गेला. संशोधन जहाजांचा निर्देशांक तितकी वाढ दाखवत नव्हता. शिवाय त्यात वर्षागणिक मोठे चढउतार होते. मूल्यमापनात दोन्ही मोजमापे वापरली गेली आणि व्यापारी दराने अंदाज वर ओढला.

हा दर का वाढत होता? जहाजे सुधारत होती, नाविक अनुभवी होत होते. शिवाय कॉड हिवाळ्यात पठाराच्या कडेला दाट थव्यांनी जमतो आणि ट्रॉलर नेमके तेथेच जात. साठा घटला तरी उरलेले मासे विखुरण्याऐवजी एकत्रच येत राहिले. त्यामुळे अखेरच्या काळातही जाळी भरून येत होती. जॉर्ज रोझ आणि डेव्हिड कुल्का यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच प्रक्रिया दाखवून दिली. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण शीत भांड्याच्या कुठल्याही भागातून उचलावे लागते. शिजलेल्या जागीच बोट घातले, तर कच्चा राहिलेला भात कळत नाही.

भांड्याच्या दुसऱ्या भागात बोट घालणारेही होते. उन्हाळ्यात कॅपेलिन या लहान माशांच्या पाठोपाठ कॉड किनाऱ्याकडे येतो. तेथील छोट्या होड्यांचे मच्छीमार खाडीत जाळी बांधून त्याची वाट पाहतात. त्यांना माशांचा पाठलाग करता येत नाही. मासे येईनासे झाले, कॉड आकाराने लहान होत चालला, अशी त्यांची तक्रार होती. १९८६ मध्ये त्यांच्या संघटनेने स्वतंत्र जीवशास्त्रज्ञांकडून सरकारी मूल्यमापनाची तपासणीही करवून घेतली. परंतु एका जागी बांधलेल्या जाळ्याची साक्ष अधिकृत हिशेबात फारशी धरली गेली नाही.

१९८९ च्या प्रारंभी शास्त्रज्ञांना आपली चूक उमगली. त्या वर्षासाठी त्यांनी सव्वा लाख टनांची मर्यादा सुचवली. एवढी कपात रोजगाराला पेलणार नाही, या भीतीने सरकारने मर्यादा ठेवली दोन लाख ३५ हजार टनांची. तीन वर्षांनी बंदी आली. त्या सुमारास पाणी असाधारण थंड झाले होते आणि कॅपेलिनचाही ऱ्हास झाला होता. या घसरणीत निसर्गाचा वाटा किती, यावर आजही मतभेद आहेत. जेफ्री हचिंग्ज आणि रॅन्सम मायर्स यांनी मात्र १९९४ मध्ये अतिमासेमारीलाच मुख्य कारण ठरवले.

प्रकृतीच्या रेषा

कॉडच्या अनुभवानंतर मूल्यमापनाची रीत बदलली. व्यापारी जहाजांच्या दराकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. एकाच आकड्याऐवजी अंदाज किती मागेपुढे होऊ शकतो, हेही सांगितले जाते. गेल्या वर्षांचे अंदाज नव्या माहितीने पुन्हा तपासले की ते सतत एकाच दिशेने खाली येतात का, हेही पाहतात; तसे होत असेल, तर हिशेबातच काही चुकते आहे, असे समजावे.

साठ्याची प्रकृती सांगताना प्रजननक्षम माशांचे एकूण वजन काही ठरलेल्या रेषांशी ताडून पाहतात. कॅनडात त्यानुसार साठा निरोगी, सावधगिरीच्या किंवा गंभीर पट्ट्यात गणला जातो. गंभीर पट्ट्याची वरची रेषा कोठे आखायची, हा निर्णय मोठा असतो. नॉर्दर्न कॉडसाठी ती १९८० च्या दशकातील साठ्यावरून आखली होती. २०२३ मध्ये १९५४ पर्यंतची माहिती आणि कॅपेलिनचे प्रमाण हिशेबात घेतल्यावर ती रेषा बरीच खाली आली आणि साठा गंभीर पट्ट्यातून सावधगिरीच्या पट्ट्यात गेला. मासे एकाएकी वाढले नव्हते. मोजपट्टी बदलली होती. जून २०२४ मध्ये सरकारने बंदी उठवून १८ हजार टनांची मर्यादा जाहीर केली. अनेक मच्छीमारांना हा न्याय वाटला, तर हा निर्णय घाईचा आहे, अशी टीका पर्यावरणवाद्यांनी केली.

दोन्ही बाजू ज्या आकड्याचा आधार घेतात, तो अखेर एक अंदाजच आहे. म्हणून कोणत्याही साठ्याची प्रकृती उत्तम असल्याचे वाचले, की तीन प्रश्न विचारावेत : मासे मोजले ते कुठे, मोजणाऱ्याला मासे सापडण्याशी आर्थिक संबंध होता का, आणि अंदाज चुकीचा ठरला तर तो किती चुकेल?