पंधरा पैशांचं मत

वाचकांच्या पत्रांचं टेबल ही वर्तमानपत्राच्या कचेरीतली सगळ्यात खालची जागा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या एका मराठी दैनिकात मी लागले, तेव्हा ती माझ्या वाट्याला आली. ‘बाई आहे, पत्रं बघेल’ हे त्यामागचं कारण कुणी लपवलंही नाही. राजकीय वार्ताहर मंत्रालयात, सिनेमावाले पहिल्या खेळाला, आणि मी टपालाच्या ढिगापुढे कात्री घेऊन. हळूहळू राग निवळला. मंत्री काय म्हणाले हे सगळ्या गावाला कळायचं. डोंबिवलीतले एक गृहस्थ त्या मंत्र्याला काय म्हणाले, हे आधी मला कळायचं.

जागा खालची, पण घराणं जुनं. बाळशास्त्री जांभेकरांचा ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला, इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापून. त्यातही वाचकांच्या पत्रांना जागा होती. भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये ‘प्रभाकर’ काढला आणि १८४८ पासून त्यात ‘लोकहितवादी’ अशी सही असलेली पत्रं येऊ लागली. लिहिणारा होता गोपाळ हरी देशमुख नावाचा पंचविशीतला सरकारी नोकर. शाळेत आपण ‘शतपत्रे’ हा एक जाडजूड ग्रंथ समजून घोकतो. मुळात ती साप्ताहिकाला पाठवलेली पत्रं, मोजून १०८. या खेपेला विधवांचे हाल, पुढच्या खेपेला राज्य का बुडालं, मग विलायती मालाचा सोस, मग भटजी-शास्त्र्यांची विद्या. मनात आलं की बसायचं आणि लिहायचं. त्यांचा त्रागा, त्यांचं एकाच मुद्द्यावर पुन्हा पुन्हा येणं, मधेच स्वतःच्याच जातीवर तुटून पडणं, हे सगळं मला ओळखीचं वाटतं. हा माणूस माझ्या टेबलावर नेमाने पत्र पाठवत असता, तर मीही त्याची निम्मी पत्रं कापली असती, आणि मराठी वाङ्मयाचं नुकसान झालं असतं.

सरकारी नोकराने टोपणनावाने लिहायची रीत मात्र तशीच चालू राहिली. ‘एक त्रस्त नागरिक’, ‘एक करदाता’, ‘एक प्रेक्षक’ ही मंडळी रोजची. काही कारकून बायकोच्या नावाने लिहायचे. अक्षर पुरुषी, मजकुरात नोटशीटची भाषा, आणि खाली सही सौभाग्यवतींची. आम्ही छापायचो.

संपादकाला मात्र टोपणनाव घेता येत नाही. कचेरीत नव्याने लागलेल्या प्रत्येकाला दोन गोष्टी ऐकवल्या जायच्या. एक कोल्हापूरची. तिथल्या दिवाण बर्व्यांवर ठपका ठेवणारी पत्रं खरी मानून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने त्यांवर लिहिलं, ती बनावट ठरली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहून आले. दुसरी १८९७ ची. १५ जूनच्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ या मथळ्याच्या ओळी आल्या. खाली लेखकाचं नाव नाही, भवानी तलवारीच्या खुणेची सही. राजद्रोहाच्या खटल्यात त्या ओळी सरकारपक्षाच्या हाती सापडल्या आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ‘पूर्ण नाव-पत्ता नसलेलं पत्र छापायचं नाही’ हा आमचा नियम या दोन गोष्टींतून आला, असं मुख्य उपसंपादक छातीठोकपणे सांगत. खरं तर तो नियम जगभर आहे. पण तुरुंगाच्या भीतीने शिकवलेला नियम लक्षात राहतो. सही ‘एक त्रस्त नागरिक’ अशी छापली, तरी त्या नागरिकाचा खरा पत्ता माझ्या वहीत असायचाच.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झालं, किंमत पाव आणा. त्याआधी वर्तमानपत्राला लिहायचं म्हणजे कागद, लखोटा, जास्तीचं टपालहशील आणि बऱ्यापैकी शिक्षण. पोस्टकार्डाने मत स्वस्त झालं आणि आखूडही. माझ्या काळात ते पंधरा पैशांना मिळे. तेवढ्या जागेत मायना, मुद्दा, टोमणा आणि ‘आपल्या लोकप्रिय दैनिकात छापून उपकृत करावे’ हे सगळं बसवायचं. मुरलेल्या पत्रलेखकाला ते जमायचं. नवखा मात्र कडेच्या मोकळ्या जागेत आडवा वळायचा, मग पत्त्याच्या बाजूवर चढायचा, आणि नेमका मुद्दा पोस्टाच्या शिक्क्याखाली जायचा.

हे मुरलेले पत्रलेखक म्हणजे एक जमातच. दादरला त्यांचा मराठी वृत्तपत्र लेखक संघ आहे. प्रत्येकाची कात्रणवही असे. ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या ‘बहुतांची अंतरे’त किंवा ‘लोकसत्ता’च्या ‘लोकमानस’मध्ये आलेलं पत्र त्यात तारखेनिशी चिकटवलेलं. त्यातले एक गिरणीतून निवृत्त झालेले जॉबर कधीमधी कचेरीत यायचे, चहा घ्यायचे, आणि ‘बाई, शेवटचं वाक्य कापलंत’ एवढंच बोलून जायचे. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा गिरणगावातून येणाऱ्या पत्रांत त्यांची पत्रं सगळ्यात शांत होती. संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्यावर भरवसा, त्याच पत्रात वाण्याच्या उधारीचा आकडा, आणि शेवटी दूरदर्शनच्या मराठी बातम्या संपाला चार ओळीही देत नाहीत ही तक्रार. मी ते पत्र ‘राजकीय’ या खणात टाकलं, मग काढून ‘दूरदर्शन’ या खणात टाकलं, मग परत पहिल्या खणात.

खणांचा हा घोळ पुढे कायमचाच झाला. लोकांना राजकारण, टीव्ही आणि सिनेमा हे वेगळे विषय कधी वाटलेच नाहीत; वेगळी पानं आम्ही केली. आणि राज्यकर्त्यांना तरी ते कुठे वेगळे वाटत होते? प्रभातने एकनाथांवर १९३५ मध्ये चित्रपट काढला, त्याचं नाव ‘महात्मा’ होतं. सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले, म्हणून तो ‘धर्मात्मा’ झाला. फेब्रुवारी १९७७ मध्ये जगजीवनराम काँग्रेस सोडून बाहेर पडले आणि दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची प्रचंड सभा ठरली. त्या रविवारी लोक घरी बसावेत म्हणून दूरदर्शनने ठरलेला चित्रपट बदलून ‘बॉबी’ लावला. मैदान तरीही भरलं. सिनेमा फुकट दाखवूनही लोक उठून चालत सभेला जातात, हे त्या निवडणुकीबद्दलचं पहिलं मतदान म्हणायला हरकत नाही.

आणीबाणीत वाचकांच्या पत्रांचं काय झालं, ते मी थोरांकडून ऐकलं. मजकूर आधी सेन्सॉरकडे, मग छपाईला. बोलणाऱ्याने तरी वाट शोधलीच. २८ जून १९७५ च्या मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त निधनवार्तांच्या छोट्या जाहिरातींत एक जाहिरात आली : २६ जूनला वारलेल्या एका गृहस्थांची. आडनाव-नाव जोडून वाचलं तर ते लोकशाहीचं नाव, बायको सत्य, मुलगा स्वातंत्र्य, आणि भावंडं श्रद्धा, आशा, न्याय. सेन्सॉरच्या नजरेतून सुटलं. पदरचे पैसे भरून छापून घेतलेलं हे वाचकाचं पत्रच की. माझ्या मते आपल्याकडच्या पत्रव्यवहारातलं सगळ्यात चोख पत्र.

७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली आणि माझ्या टेबलाचं रूप पालटलं. तोवर मुंबई दूरदर्शनवर ‘गजरा’ होता, ‘चिमणराव’ होऊन गेला होता, ‘छायागीत’ होतं; पत्रं यायची, पण ठरावीक लोकांची. आता बायका लिहू लागल्या. घरातल्या खऱ्या बायका, कारकुनांच्या टोपणनावातल्या नव्हेत. अक्षर वहीतलं, शाई मुलाच्या पेनातली. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे, त्यांच्याकडे देशभरातून लाखो पत्रं गेली. आमच्याकडे त्यांचा उरलासुरला ओघ यायचा. बसेसरराम दारू पितो, भागवंती सोसते, यावर लिहिता लिहिता बाई तिसऱ्या ओळीत स्वतःच्या घरात शिरलेली असायची. अशी पत्रं छापायची की नाही, यावर कचेरीत वाद व्हायचा. मी नाव वगळून छापायची.

याआधी ‘उंबरठा’च्या वेळी याचा नमुना मिळाला होता. जब्बार पटेलांचा चित्रपट, १९८२ चा. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमाच्या नोकरीसाठी घर सोडते, परत येते तेव्हा घरातली तिची जागा गेलेली असते, आणि ती पुन्हा बाहेर पडते. पुरुषांची पत्रं ‘लहान मुलीचा विचार नको का?’ अशी. बायकांची पत्रं कमी, पण एकीने विचारलं होतं की नवरा नोकरीसाठी आखातात गेला तेव्हा लहान मुलीचा विचार कुणी केला होता. आमच्या अग्रलेखांत तेवढं धारदार वाक्य त्या वर्षी आलं नाही.

इथे माझं एक मत, पटलं तर घ्या. सामान्य वाचक सिनेमावर राजकारणापेक्षा चांगलं लिहितो. राजकारणावर लिहिताना त्याच्या पेनात कालचा अग्रलेख शिरतो : ‘भ्रष्टाचाराचा भस्मासुर’, ‘जनता माफ करणार नाही’. सिनेमाच्या तिकिटाचे पैसे मात्र त्याच्या खिशातून गेलेले असतात. दोन अडीच तास त्याने स्वतः पाहिलेलं असतं. ‘माहेरची साडी’ १९९१ मध्ये आला आणि समीक्षकांनी नाकं मुरडली. एसटीने तालुक्याला जाऊन तो बघून आलेल्या बायकांनी आपण नेमकं कुठे आणि का रडलो ते लिहून कळवलं. सलूनमध्ये ‘राजकीय चर्चा करू नये’ अशी पाटी असायची. सिनेमाची चर्चा करू नये, अशी पाटी मी कुठे पाहिली नाही.

जानेवारी १९८८ मध्ये ‘तमस’ आली, आणि पत्रांऐवजी एक माणूस थेट मुंबई उच्च न्यायालयात गेला. फाळणीच्या दंगली दाखवल्याने पुन्हा दंगली होतील, मालिका थांबवा, असं त्याचं म्हणणं. आधी स्थगिती मिळाली. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी अख्खी मालिका बसून पाहिली आणि स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. याच लेंटिन यांच्या निकालानंतर १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुल्यांनी राजीनामा दिला होता. म्हणजे एकाच न्यायमूर्तींनी मुख्यमंत्रीही पाहिला आणि मालिकाही. आणि मत देण्याआधी ती संपूर्ण पाहिली, ही गोष्ट माझ्या पत्रलेखकांना मला अनेकदा सांगावीशी वाटली. ‘तमस’विरुद्ध आलेल्या पत्रांतल्या बऱ्याच जणांनी ती पाहिलेलीच नव्हती.

‘रामायण’वरची पत्रं मी फारशी छापली नाहीत. स्तुतीत छापण्यासारखं काय असतं? पण त्या मालिकेवरचं सगळ्यात वजनदार मत पत्रातून आलंच नाही. १९८८ मध्ये जालंधर आणि उत्तरेतल्या आणखी काही शहरांत सफाई कामगार संपावर गेले : वाल्मीकींनी सांगितलेली पुढची कथाही दाखवा. कचरा साचला, आणि सरकारने उत्तरकांड मान्य केलं. इतका झटपट परिणाम माझ्या सदरातल्या कुठल्याही पत्राचा झाला नाही. त्यानंतर माझे खण मी मोडीतच काढले. १९९१ मध्ये सीता बडोद्याहून आणि रावण साबरकांठाहून, दोघेही एकाच पक्षाचे, लोकसभेवर गेले. दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी. ‘महाभारता’तला कृष्ण, आपला नितीश भारद्वाज, १९९६ मध्ये जमशेदपूरहून. खासदारांविषयी आलेलं पत्र कुठल्या पानावर लावायचं, ते तुम्हीच सांगा.

पोस्टकार्डाचा सगळ्यात मोठा पूर आला तो ‘सुरभि’मुळे. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे आठवड्याला प्रश्न विचारायचे आणि पंधरा पैशांच्या कार्डांचे डोंगर साचायचे. एवढ्या स्वस्तात एवढं ओझं वाहणं टपालखात्याला परवडेना. शेवटी स्पर्धांसाठी दोन रुपयांचं वेगळं पोस्टकार्ड निघालं. उत्तराला दोन रुपये, मताला मात्र तोच जुना दर. आमच्या टेबलावर काहीजण घाईत दोन रुपयांच्या कार्डावर मुख्यमंत्र्यांबद्दल लिहून पाठवत. दोन रुपये मोजलेत तर छापूया, असं आम्ही गमतीने म्हणायचो, आणि खरंच छापायचो.

मग खासगी वाहिन्या आल्या. १९९९ मध्ये ‘आभाळमाया’, पुढे ‘चार दिवस सासूचे’, जिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. मालिकेबद्दल तक्रार करायची तर आता वाहिनीचाच पत्ता होता, आम्ही मधले उरलो नाही. कचेरीत संगणक आले, आणि पत्रं ई-मेलने येऊ लागली. माझ्या निवृत्तीच्या सुमाराला त्या जुन्या जमातीतले एकजण नातवाकडून ई-मेल करायला शिकले. त्यांनी महागाई, एक रटाळ मालिका आणि नगरसेवक यांवर एकत्र लिहिलेलं पत्र पाठवलं, एकाच वेळी पाच दैनिकांना, सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून. दुसऱ्या दिवशी चार दैनिकांनी ते छापलं. पाचवे आम्ही. मी त्यांना फोन केला, तर म्हणाले, ‘‘तुमचं आलं नाही तेच बरं. तुम्ही शेवटचं वाक्य कापलं असतंत.’’