'लीक्स'मधला 'स'

चाकण एमआयडीसीत पाळी बदलताना लॉगबुकात 'पंप लीक्स' दिसलं, तर ते पंपाचं जुनं दुखणं. 'पंप इज लीकिंग' असेल, तर तेल आत्ता सांडतंय, पाना घेऊन पळा. 'गळतो' आणि 'गळतोय' हा फरक आपण रोज करतो, त्यामुळे एवढं चटकन कळतं. छळतो तो 'स'. आय, यू, वी, दे यांना माफ. ही, शी, इट यांच्याच मागे तो का?

बाकीचे प्रत्यय झिजून गेले आणि हा टिकला, म्हणून. मूळचा हा उत्तर इंग्लंडचा. दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने लिंडिसफार्नच्या लॅटिन शुभवर्तमानांत ओळींच्या मधे आपल्या बोलीत अर्थ लिहिले; त्यांत हा 'स' सापडतो. दक्षिणेत त्या जागी 'थ' होता. उत्तरेकडचा हा प्रत्यय पुढे लंडनपर्यंत उतरला. 1611च्या किंग जेम्स बायबलने जुना 'थ'च धरून ठेवला, पण लोकांच्या तोंडून तो जातच होता. आज ज्याच्यावाचून मार्क कापले जातात, तो 'स' एके काळी दक्षिणेकडच्यांच्या लेखी गावरानच!

'इज लीकिंग'सारखी रचना जुनी, तिची सक्ती मात्र बरीच नंतरची. 'हॅम्लेट'मध्ये राजपुत्र वाचत असताना पोलोनियस त्याला काय वाचता ते साध्या वर्तमानकाळात विचारतो. आजच्या स्पोकन इंग्लिशच्या सरांनी तिथे लाल रेघ मारली असती. 'मशीन इज बीइंग रिपेअर्ड' हा थाट तर अठराव्या शतकाच्या अखेरचा. तोवर बांधकाम चालू असलेल्या घरालाही 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत, आणि नव्या रूपावर एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणकारांनी यथेच्छ नाकं मुरडली.

आपलाही वर्तमानकाळ कुठे मूळचा आहे? ज्ञानेश्वरीतला 'करी' वर्तमानातला. आज 'आजी पहाटे दळण करी' म्हटलं की तो रीतिभूतकाळ. त्याच्या जागी बसलेला 'करतो' मुळात धातुसाधित विशेषण, म्हणून तर तो लिंगाप्रमाणे बदलतो.

'मला समजतंय' मराठीत बिनचूक. त्यामुळे आयटीआय झालेला मुलगा चिंचवडच्या मुलाखतीत 'आय ॲम अंडरस्टँडिंग' म्हणतो, तेव्हा तो नियम पाळतच असतो, फक्त आपल्या भाषेचा. 'आय ॲम हॅविंग टू इयर्स एक्सपिरियन्स'ही तिथे ऐकू येतं. मालकीच्या 'हॅव'ला प्रमाण इंग्रजीत 'इंग' लागत नाही. कँटीनमध्ये मात्र 'आय ॲम हॅविंग लंच' बिनधास्त म्हणावं.