गोवाऱ्यांची नोंद

पूर्व विदर्भातल्या गावांत एकेकाळी सकाळ झाली की घरोघरची गुरं आखरावर जमत. ती रानात चारून दिवस मावळायच्या आत ज्याच्या त्याच्या गोठ्यात पोचवायची, हे गोवाऱ्याचं काम. दिवाळीत मात्र गाव त्याची वाट पाहायचं. गायींची शिंगं रंगवलेली, डफडं घुमतंय आणि गोवारी ढाल घेऊन नाचत येताहेत. ही ढाल लढाईतली नव्हे, उंच बांबूवरचं कुळाचं दैवत. ढालपूजनाची ही रीत अजून टिकून आहे.

ज्या मुलखात हे गुराखी राहिले, तो गोंडांचा. देवगडच्या बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं.

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ काढला. त्यात गोवाऱ्यांची एक शाखा गोंडगोवारी म्हणून आली. पुढे हेच नाव अनुसूचित जमातींच्या यादीत बसलं. पण गोवारी म्हणजेच गोंडगोवारी का? राज्य शासनाने २४ एप्रिल १९८५ च्या निर्णयात ‘नाही’ म्हटलं.

२३ नोव्हेंबर १९९४. नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू होतं. आदिवासी म्हणून मान्यता मागायला गावोगावचे गोवारी, बायकालेकरांसकट, मोर्चाने आले. विधानभवनाच्या वाटेवर पोलिसांनी अडवलं, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली. ११४ जीव गेले. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. मागणी अनुसूचित जमातीच्या एका दाखल्याची होती.

१९९५ मध्ये विशेष मागास प्रवर्गाच्या २ टक्के आरक्षणात गोवाऱ्यांना जागा मिळाली. मूळ मागणी तशीच राहिली. आज झिरो माइलजवळ शहीद गोवारी स्मारक आहे आणि दर २३ नोव्हेंबरला खेड्यापाड्यांतून माणसं तिथे येतात.

अमेरिकेत मोंटानातल्या लिटल शेल चिपेवा जमातीनेही शंभराहून अधिक वर्षं अशीच दारं ठोठावली. त्यांना डिसेंबर २०१९ मध्ये संसदेच्या कायद्याने मान्यता मिळाली. गोवाऱ्यांचं उलट झालं. ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने कौल दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. यादीत फेरबदल करणं न्यायालयाच्या हाती नाही, ते संसदेचं काम, अशी कायद्याची चौकट आहे.

मधल्या काळात मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या मात्र कोर्टाने शाबूत ठेवल्या. त्यामुळे एकाच घरात थोरल्याचा प्रवेश टिकावा आणि दोन वर्षांनी बारावी झालेल्या धाकट्याच्या हाती तो दाखलाच नसावा, अशी स्थिती आली.